जुनी जावा घरच्या पडवीत पूर्ववत करताना

फटाक्यांच्या उद्योगामुळे सर्वपरिचित असलेल्या आमच्या तेरखेड्यात पेट्रोल आणि ठिणगी यांविषयीची सावधगिरी कोणास निराळी शिकवावी लागत नाही. तथापि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून निर्माण होऊ लागलेली जावा, अथवा तिचेच पुढील रूप असलेली येझदी, ज्या गृहस्थांना घरच्या पडवीत पूर्ववत करावयाची आहे, त्यांच्याकरिता हा अल्प तपशील.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हीच मिश्रण आत ओढणारी व पुढे ढकलणारी बंदिस्त जागा असल्यामुळे, क्रँकच्या बाजूंची ऑइलसील जीर्ण झाली, की बाहेरची हवा वा गिअरचे तेल आत शिरते, आणि मग कार्बोरेटर कितीही स्वच्छ केला तरी गाडी एकसारखी चालत नाही किंवा अतोनात धूर ओकते. सबब इंजिन उघडलेच आहे, तर सील बदलावीत. पॉइंटचे अंतर सुमारे ०.४ मिलिमीटर राखावे. आणि टाकीतील गंज काढल्याखेरीज नवे पेट्रोल भरू नये.

दस्तऐवजांची तजवीज मात्र सर्वांआधी करावी: चासी व इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकीस 'व्हिंटेज' नोंदणी मिळू शकते. परंतु अशी गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही.