तीस वर्षांनी मिळालेली पदवी

मुलाकडे लंडनला गेले, तेव्हा सुनेने विचारलं, "आई, तुम्हाला काय बघायचंय?" मी म्हटलं, "ऑक्सफर्ड." राजवाडा सोडून हे काय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. पण रेल्वेने तासाभराचाच तर प्रवास! शनिवारी पोळी-भाजीचा डबा घेऊन आम्ही दोघी निघालो.

स्टेशनबाहेर पडल्यावर मी आपली विद्यापीठाची कमान शोधतेय. पण तशी कमानच नाही! विद्यापीठ म्हणजे गावभर पसरलेली कॉलेजं. प्रत्येकाचा वेगळा दरवाजा, आत चौक आणि हिरवळ. काही ठिकाणी तिकीट काढून आत सोडतात.

मला जायचं होतं समरव्हिल कॉलेजला. पर्यटकांच्या गर्दीपासून ते जरा बाजूला, वुडस्टॉक रोडवर आहे. १८७९ साली खास मुलींसाठी निघालेलं. (इंदिरा गांधीही इथल्याच.) १८८९ मध्ये कॉर्नेलिया सोराबजी इथे आल्या. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, पहिल्या वर्गात पास. तरी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली. का, तर बाई म्हणून! मग इंग्लंडमधल्या काही मंडळींनी पैसे जमवले, त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होत्या. १८९२ मध्ये खास परवानगीने त्या कायद्याच्या बीसीएल परीक्षेला बसल्या आणि पास झाल्या. पदवी मात्र नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला सुरुवात केली ती १९२० मध्ये. कॉर्नेलियाबाईंना त्यांची मिळाली १९२२ मध्ये, तब्बल तीस वर्षांनी.

पदवीदान होतं ते शेल्डोनियन सभागृह तिकीट काढून बघता येतं. (समारंभाच्या दिवशी बंद असतं, चौकशी करून जा.) छतावर मोठ्ठं चित्र रंगवलंय. सून ते बघत होती, मी बाकावर बसून राहिले.

माझं बी.ए. १९८४ चं. निकालाच्या आधीच लग्न झालं. पदवीदानाला जाऊ का विचारलं, तर सासरी म्हणाले, "आता त्या कागदाचं काय करणार?" मीही पुन्हा विषय काढला नाही. कॉर्नेलियाबाईंना देत नव्हते; मला देत होते, तर मी आणली नाही.

परत आल्यावर विद्यापीठात चौकशी केली. अर्जासोबत मार्कलिस्टची झेरॉक्स लागते म्हणाले. माळ्यावरच्या ट्रंकेत मार्कलिस्ट सापडली. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण बैठक क्रमांक नीट वाचता येतोय.