महाराष्ट्रातील गरम पाण्याचे झरे

महाराष्ट्रातील गरम पाण्याचे झरे हे भूगर्भातून नैसर्गिकरीत्या वर येणाऱ्या उष्ण पाण्याचे उगम आहेत. त्यांतील बहुतेक झरे सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्या दरम्यान, पालघर जिल्ह्यापासून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत ३०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या पट्ट्यात आढळतात. याखेरीज सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव (जळगाव जिल्हा) आणि पैनगंगेच्या खोऱ्यात उनकेश्वर (नांदेड जिल्हा) ही प्रसिद्ध ठिकाणे आहेत. पाण्याचे तापमान ठिकाणानुसार सुमारे ३५ ते ७० अंश सेल्सिअस असते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके कोकणातील पट्ट्याच्या पूर्वेस, सह्याद्रीच्या माथ्यावर व पठारावर वसलेले आहेत.

नाव

मराठीत ‘ऊन’ या शब्दाचा एक अर्थ ‘गरम’ असा आहे. संस्कृत ‘उष्ण’ व प्राकृत ‘उण्ह’ या रूपांतून तो आला. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे, उनपदेव, उनकेश्वर या स्थाननावांत हाच शब्द दिसतो.

निर्मिती

महाराष्ट्रात जागृत ज्वालामुखी नाही. दख्खनचा बेसाल्ट खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून तो केव्हाच निवाला आहे. त्यामुळे झऱ्यांची उष्णता त्या लाव्हाची नव्हे. जमिनीत जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढते. सर्वसाधारणपणे ही वाढ दर किलोमीटरला २५ ते ३० अंश असते. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर उतरते, तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून लवकर वर आले तर पुरेसे निवण्यापूर्वीच पृष्ठभागावर पोहोचते. जमिनीलगत पाण्याचे तापमान २७ अंश धरल्यास ७० अंशांपर्यंत तापण्यासाठी ते सुमारे दीड किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोल गेले असले पाहिजे.

झरा निर्माण होण्यासाठी अशी अखंड वाट आवश्यक असते. कोकणात बेसाल्टचे थर समुद्राच्या दिशेने कललेले असून किनाऱ्याला समांतर भेगा व भ्रंश आहेत. झऱ्यांची रांगही किनाऱ्याला साधारण समांतर आहे. पाणी खोलवर असताना खडकांतील क्षार त्यात विरघळतात. काही झऱ्यांच्या पाण्याला हायड्रोजन सल्फाइड वायूमुळे कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो.

गरम झरा आणि कोमट विहीर

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतही खडक बेसाल्टच आहे आणि घाटमाथ्यावर पाऊसही भरपूर पडतो. मात्र डोंगरउतारावरील झऱ्यांचे व विहिरींचे पाणी सहसा फार खोल जात नाही. उथळ भूजलाचे तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या जवळ राहते. म्हणूनच विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यातील पहाटे कोमट लागते, क्वचित त्यावर वाफही दिसते. हा गरम झरा नव्हे. ज्याचे पाणी सर्व ऋतूंत परिसराच्या सरासरी तापमानापेक्षा स्पष्टपणे उष्ण असते, तोच गरम झरा होय.

या भागात पाण्याची परंपरा साठवणुकीची आहे. नाणेघाटात सातवाहन काळातील शिलालेखांबरोबर कातळात खोदलेली टाकी आहेत. प्राचीन लेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. शिवनेरी किल्ल्यावरील गंगा-जमुना टाकी त्यांच्या थंड पाण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

प्रमुख झरे

ठाणे जिल्हा : भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी ही ठिकाणे तानसा नदीच्या परिसरात आहेत. काही झरे थेट नदीपात्रात असून पुरात ते बुडतात. वज्रेश्वरीचे मंदिर चिमाजी अप्पांच्या १७३९ मधील वसई विजयाशी जोडलेले आहे.

रायगड जिल्हा : पालीजवळ उन्हेरे आणि महाडजवळ सव येथे झरे आहेत.

रत्नागिरी जिल्हा : दापोली तालुक्यातील उन्हवरे येथील पाणी राज्यातील सर्वांत उष्ण पाण्यांपैकी, सुमारे ७० अंशांचे आहे. संगमेश्वर तालुक्यात तुरळ, राजवाडी व आरवली येथे झरे आहेत. राजापूरजवळ उन्हाळे येथील गरम झरा बारमाही आहे. काही वर्षांच्या अंतराने प्रकट होणारी राजापूरची गंगा त्याहून वेगळी आहे.

जळगाव व नांदेड जिल्हे : चोपडा तालुक्यातील उनपदेव आणि किनवट तालुक्यातील उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी शरभंग ऋषी व राम यांची कथा सांगितली जाते.

कसे जावे

जुन्नरहून माळशेज घाटाने मुरबाडकडे उतरून वज्रेश्वरी परिसरात जाता येते. आंबेगाव तालुक्यातून घोडेगाव–जुन्नर मार्गाने याच रस्त्याला लागता येते. पावसाळ्यात माळशेज घाटात दरडी कोसळतात. अष्टविनायकांपैकी ओझर व लेण्याद्री जुन्नर तालुक्यात, तर बल्लाळेश्वर पाली येथे आहे. त्यामुळे अष्टविनायक यात्रेकरूंना उन्हेरे वाटेवरच पडते.

सुरक्षितता

पाणी पारदर्शक दिसले तरी त्याची उष्णता डोळ्यांना कळत नाही. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा गंभीररीत्या भाजते. म्हणून उगमाच्या कुंडात न उतरता निवालेल्या पाण्याच्या कुंडातच स्नान करणे योग्य ठरते. मुलांना कुंडाच्या काठावर एकटे सोडू नये. ४० अंशांहून अधिक उष्ण पाण्यात दीर्घकाळ बसल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उबदार गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा वाढू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्यास होणारा आजार अत्यंत दुर्मीळ, पण बहुतेक वेळा प्राणघातक असतो. त्यामुळे गरम कुंडात डोके बुडवू नये व नाकात पाणी जाऊ देऊ नये. हे पाणी तपासणीशिवाय पिऊ नये. त्वचारोग व सांधेदुखी या पाण्याने बरी होते अशी श्रद्धा आहे. उष्णतेने स्नायूंना तात्पुरता आराम मिळतो, परंतु झऱ्यातील स्नान हा औषधोपचाराला पर्याय नाही.

संवर्धन

झऱ्याचे पाणी ज्या भेगांतून येते त्या अरुंद असतात. जवळ खोल विंधन विहिरी घेतल्यास किंवा उगमाशी खोदकाम केल्यास पाण्याचा मार्ग व तापमान बदलू शकते. साबण, शाम्पू, तेल व निर्माल्य यांमुळे कुंडातील पाणी दूषित होते. जेथे आवक कमी आहे तेथे ही घाण बराच काळ टिकते. उष्ण पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव हेही या झऱ्यांचे वैशिष्ट्य असून त्यांचा अभ्यास होण्यासाठी उगम मूळ स्थितीत राहणे आवश्यक आहे.