गार पडलेले पाय आणि रक्तदाबाची गोळी

महाड-पोलादपूरकडे भातकापणी सुरू झाली, पेंढा रचला जाऊ लागला, की विंचूदंशाचे रुग्ण येऊ लागतात. उन्हाळ्यात घर शाकारताना, लाकूडफाटा हलवतानाही तेच. काळा विंचू आकाराने मोठा. पण जिवावर उठतो तो जांभ्याच्या फटीत राहणारा लहानसा लाल विंचू. 1976 मध्ये जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर दंशाच्या दहा रुग्णांतले तीन-चार दगावत. स्टेरॉइड, ॲट्रोपिन, गुंगीची इंजेक्शनं, सगळं देऊनही.

बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून लिहीत गेले. उलटी, दरदरून घाम, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा, बर्फासारखे हातपाय, चढलेला रक्तदाब. मग काही तासांत फुप्फुसात पाणी आणि तोंडाला गुलाबी फेस. ही पूर्वलक्षणं 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. या साऱ्या कामात मला ही नोंदवहीच सर्वांत मोलाची वाटते. वेदनेनं ओरडणाऱ्या, पण पाय गरम असलेल्या रुग्णाला बहुधा धोका नसतो. घामानं निथळणारं, गार पडलेलं, गप्प मूल आधी पाहायचं असतं. हे समजायला यंत्र लागत नाही, तळपायाला हात लावावा लागतो.

विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या मिटू देत नाही. त्यामुळे ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिनचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि त्या दाबापुढे हृदय थकतं. म्हणजे आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. सोडियम नायट्रोप्रुसाइडनं ते साधलं. पण ते शिरेतून थेंबाथेंबानं द्यायचं, सतत रक्तदाब मोजत. आरोग्य केंद्राला ते कसं झेपावं? प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी अल्फा-1 ग्राहक अडवून तेच काम करते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी 1986 मध्ये तिचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये मांडला. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

प्रॅझोसिन विष मारत नाही, विषाचा परिणाम रोखतं. विष निकामी करते ती प्रतिविषाची लस. 'बीएमजे'मध्ये 2011 साली आलेल्या महाडच्या चाचणीत 70 रुग्ण होते. दोन्ही औषधं मिळालेल्या 35 पैकी 32 जण दहा तासांत पूर्ण सावरले. नुसतं प्रॅझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. लस असेल तिथे ती लवकर द्यावी, हे उघड आहे.

पण आंबेनळी घाटाखालच्या वाडीतून रुग्ण निघतो तेव्हा वेळ जातो. म्हणून पहिल्याच दवाखान्यात साधी प्रॅझोसिन हवी: मोठ्यांना 500 मायक्रोग्रॅम, मुलांना वजनाच्या दर किलोला 30, आणि पाय गरम होईपर्यंत दर तीन तासांनी पुन्हा. हळूहळू विरघळणारी गोळी इथे चालत नाही. पहिल्या डोसनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो. रुग्णाला आडवंच ठेवायचं, घाबरलेल्या आईनं मुलाला कडेवर उभं घ्यायचं नाही, आणि उलट्या-घामात गेलेलं पाणी तोंडानं भरून काढायचं.