कांजीची वही विहारात हवी

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही. फारसी घेणे भाग पडले. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वतःच्या हिमतीवर केला आणि पाली शब्दकोशाचेही काम केले. भाषेचे दार लावले की ज्ञानाचे दार आपोआप बंद होते, हे मनुवाद्यांना पक्के ठाऊक होते. जपानी भाषेचे दार मात्र आज कोणी लावलेले नाही. मग आमची चिखलीची मुले उंबरठ्यावरच का अडतात?

जानेवारी २०२१ मध्ये भारत-जपान करार झाला आणि कुशल कामगार म्हणून जपानला जाण्याची वाट आपल्या तरुणांना मोकळी झाली. अट एकच, कामाच्या कौशल्याबरोबर जपानी भाषेची परीक्षा. तिथे घाबरवते ती कांजी, म्हणजे चिनी चित्रलिपीतून आलेली अक्षरे. नित्य वापराची अक्षरे २१३६. जपानी मुलालासुद्धा त्यांतली १०२६ शिकायला प्राथमिक शाळेची सहा वर्षे लागतात. पण पहिल्या पायरीला साधारण शंभर पुरतात. रोज पाच गिरवली तर वीस दिवसांचे काम!

त्याआधी हिरागाना आणि काताकाना, मूळ ४६-४६ अक्षरे. त्यांचा क्रम अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न. हा क्रम भारतीय वर्णमालेवरून, बौद्ध भिक्खूंच्या अभ्यासातून तिकडे गेला. आपल्या पालीतला 'झान' तिथे 'झेन' झाला, 'निब्बान' 'नेहान' झाले, 'पञ्ञा' 'हान्न्या' झाली. ही भाषा आपल्याला परकी कशी?

साधनांना पैसा लागत नाही. जपान फाउंडेशनचे 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक ध्वनिफितींसह मोफत उतरवून घेता येते. 'आंकी' हे उजळणीचे साधन संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाइलवर फुकट चालते. जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला जपानी-इंग्रजी कोशही सर्वांना खुला आहे. जे फुकट मिळते, त्यासाठी एजंटाच्या हातावर हजारो रुपये ठेवू नका. परदेशी नोकरी लावणाऱ्याची सरकारी नोंदणी आधी तपासा आणि पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

खरी अडचण पुढे आहे. या साधनांतले बहुतेक विवेचन इंग्रजीत आहे आणि शिकवणी पुण्या-मुंबईत. इंग्रजी कच्ची म्हणून आमच्या पोरांनी जपानीही सोडायची काय? म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक विहाराच्या वाचनालयात एक सामायिक वही ठेवावी. एका ओळीत एक कांजी, रेघांचा क्रम, देवनागरीत उच्चार, मराठीत अर्थ. एक झाड म्हणजे 'की', दोन झाडे म्हणजे राई, 'हायाशी', तीन झाडे म्हणजे अरण्य, 'मोरी'. झाडाशेजारी माणूस, म्हणजे विसावा. असे समजावले तर सातवीचे पोरही विसरणार नाही.

वर्षावासात आपण रोज ग्रंथवाचनाला जमतोच. वाचन संपल्यावर अर्धा तास या वहीला द्यावा, सेवानिवृत्त शिक्षकांनी पुढाकार घ्यावा. वही भरली की झेरॉक्स काढून शेजारच्या गावाला द्यावी. 'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. तो इंग्रजी येणाऱ्यांपुरता नव्हता.

जय भीम!