मेंदूत ‘दिवे’ लागतात तेव्हा

‘प्रेमात पडल्यावर मेंदूचा हा भाग पेटतो’ टाइपची बातमी आली, की आमच्या ऑफिसात ती लगेच फॉरवर्ड होते. करडा मेंदू, त्यावर लाल-पिवळे ठिपके. एकदम सही! पण बॉस, तो फोटो नसतोच. एफएमआरआय मशीनला विचार दिसत नाहीत, रक्त दिसतं. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला, की तिकडे ऑक्सिजनवालं रक्त जास्त धावतं आणि चुंबकीय सिग्नल किंचित बदलतो. सैजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे दाखवून दिलं. पेशी मिलिसेकंदांत बोलून मोकळ्या होतात, रक्ताची लाट मात्र चार-पाच सेकंदांनी शिगेला पोचते. रंग भरतं ते स्टॅटिस्टिक्स.

आणि तेच ढिलं असेल तर? क्रेग बेनेट आणि मंडळींनी २००९ मध्ये चक्क मेलेला सामन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. त्याच्याही मेंदूत ‘दिवा’ लागला! हजारो ठिपके एकदम तपासले, तर काही योगायोगानेच पेटणार. तेवढी दुरुस्ती केल्यावर मासा पुन्हा मेलेला.

म्हणजे सगळं थोतांड? छे. माझ्या काकांना डाव्या बाजूला ट्यूमर निघाला. सर्जरीआधी ते त्या खडखडाटात पडून मनातल्या मनात ‘क’वरून शब्द आठवत होते, बोलण्याचा भाग कुठे आहे, ते सर्जनना हवं होतं. काकूचा एकच प्रश्न, “पण डॉक्टर, हे नंतर बोलतील ना हो?” नुसत्या नकाशावर कुणी हो म्हणेना. ऑपरेशनच्या वेळी काकांना जागं ठेवून, विजेचा हलका स्पर्श देत, बोलायला लावून पुन्हा तपासलं. बोलतात आता. जरा जास्तच.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी ‘व्हेजिटेटिव्ह’ ठरवलेल्या २३ वर्षांच्या तरुणीला टेनिस खेळण्याची कल्पना करायला सांगितलं. तिचा मेंदू निरोगी माणसासारखाच कामाला लागला. अंगावर काटाच येतो!

खोटं पकडायचं म्हणाल, तर सांभाळून. पुण्यात २००८ मध्ये एका खून खटल्यात सेशन्स कोर्टाने मेंदू-चाचणीचा अहवाल पुराव्यात धरला. ती ईईजीवरची, तंत्र वेगळं. पण मोह तोच. मर्जीविरुद्ध अशा चाचण्या करायला सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मनाई केली. एफएमआरआयला चकवणं तर फारच स्वस्त. २०११ च्या एका प्रयोगात लोकांनी हळूच हाता-पायाची बोटं हलवली, आणि खोटं पकडण्याची अचूकता १०० टक्क्यांवरून ३३ वर घसरली.