शिल्पकार नक्षत्रातली अलकनंदा

गंगाखेडच्या घाटावर गोदावरीला बहुतेक जण गंगाच म्हणतात. कार्तिकात रात्री नऊच्या सुमारास तिथे दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा. क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मधोमध, फोमलहॉट ताऱ्याच्या डावीकडे, आकाश ओकंबोकं दिसतं. ते शिल्पकार नक्षत्र. आणखी एक नदी त्याच दिशेला आहे: अलकनंदा नावाची सर्पिल दीर्घिका.

डोळ्यांना ती दिसत नाही. तिचा प्रकाश सुमारे १२०० कोटी वर्षं वाट चालून आलाय. तो निघाला तेव्हा सूर्य नव्हता, पृथ्वी नव्हती. गंगाखेडची काळी माती ज्या खडकापासून झाली, तो तर अवघा साडेसहा कोटी वर्षांचा.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना ती जेम्स वेब दुर्बिणीच्या प्रतिमांमध्ये सापडली. शोधनिबंध नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेत आबेल २७४४ हा दीर्घिकांचा पुंजका आडवा येतो. त्याच्या गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकतो आणि अलकनंदा जवळपास दुप्पट तेजस्वी दिसते. हे भिंग निसर्गानंच धरलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

रुंदी सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे १००० कोटी सूर्यांइतकं. दरवर्षी साठेक सूर्य घडतील एवढा वायू तिथे ताऱ्यांत बदलतो. आपल्याकडच्या वेगाच्या वीसपट तरी. मधे उजळ गाभा, त्याला वेढणारे दोन रेखीव बाहू आणि बाहूंवर ताऱ्यांचे झुबके, माळेत मणी ओवावेत तसे.

खरा अचंबा या नीटनेटकेपणाचा. विश्व तेव्हा जेमतेम १५० कोटी वर्षांचं होतं. त्या वयातल्या दीर्घिका वेड्यावाकड्या, विस्कटलेल्या असणार, अशीच अपेक्षा होती. अलकनंदा मात्र घडी बसलेल्या गावासारखी निघाली.

नावही समर्पक आहे. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयात मंदाकिनी रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते. थोरलीला मंदाकिनी म्हटलं, मग हिला बहिणीचं नाव.

अलकनंदेचे ते दोन बाहू वायू सावकाश साचत जाऊन उमटले, की एखाद्या लहान शेजारणीच्या ओढीनं? दीर्घिकेची तबकडी किती शांतपणे फिरते हे मोजलं की त्याचा माग लागेल. ते मोजमाप अजून व्हायचंय.