चार इयत्ता, दोन खोल्या



गटाची बैठक होते, हप्ते जमा होतात, वहीवर सह्या होतात आणि मग बोलणं हमखास पोरांच्या शाळेवर येतं. कुणी म्हणतं, वाडीच्या शाळेत आता पोरंच किती उरलीत? कुणी म्हणतं, एकाच खोलीत दोन-दोन वर्ग बसवतात, त्यात काय डोंबल शिकणार? आणि एखादी हळूच सांगते, आम्ही पोराला यंदा व्हॅनच्या शाळेत घातलं, पोरगी आहे इथंच.

या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. म्हणून आज आपण दोन प्रश्न घेऊ. लहान शाळेत शिक्षण होतं तरी कसं? आणि ते नीट होतंय की नाही, हे आईनं कसं ओळखायचं?

आमच्या वाडीची शाळा तुमच्या शाळेसारखीच आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या, पुढं ओटा, बाजूला स्वयंपाकाची खोली, पाण्याची टाकी आणि एक कडुलिंब. तालुक्याचं गाव जवळ, त्यामुळे अर्धी घरं शेतीवर आणि अर्धी कंपनीच्या पाळीवर. पट विसाच्या आत. एक गुरुजी, एक बाई.

साठ मुलांपर्यंतच्या शाळेला दोन शिक्षक, असं शिक्षण हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. इयत्ता चार आणि शिक्षक दोन, म्हणजे एका शिक्षकाकडे दोन इयत्ता येणारच. याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. नाव मोठं आहे, पण आपल्या घरात जे चालतं तेच हे. चुलीवर भाकरी, एका पोराला आंघोळ, दुसऱ्याचा डबा, आणि कान दारातल्या भाजीवाल्याकडे. कुठल्या कामाला आपला हात लागतो आणि कुठलं काम आपोआप शिजत राहतं, हे ज्या बाईला कळतं तिचं घर नीट चालतं. दोन इयत्तांच्या वर्गाचंही तसंच आहे.

चिंचोक्यांचा तास

आमच्या शाळेतला गणिताचा एक तास सांगतो. त्या दिवशी बाई तालुक्याला बैठकीला गेल्या होत्या, म्हणून चारही इयत्ता एकाच खोलीत. गुरुजींनी मधोमध चिंचोक्यांची परात ठेवली.

पहिलीतली मुलं चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग लावत होती. दुसरीतली मुलं ते ढीग बघून संख्या लिहीत होती. चार ढीग आणि सात सुटे, म्हणजे 47. तिसरीला 47 आणि 38 ची बेरीज होती. सात सुटे आणि आठ सुटे मिळून पंधरा झाले. त्यातल्या दहांचा नवा ढीग झाला, तो ढिगांत गेला, पाच सुटे राहिले. आपण शाळेत ‘हातचा एक’ म्हणून जो पाठ केला, तो हाच ढीग. उत्तर आलं 85. मग चौथीनं ते 85 चिंचोके पाच जणांत सारखे वाटले, प्रत्येकाला 17.

परात एकच होती आणि काम चार तऱ्हेचं. गुरुजी प्रत्येक इयत्तेजवळ थोडा-थोडा वेळ बसले. एका इयत्तेला नवीन सांगायचं, तोवर बाकीच्यांच्या हातात त्यांना जमेल असं काम हवं. ते काम आधी ठरवून ठेवावं लागतं. लहान शाळेतल्या शिक्षकाची खरी मेहनत ही.

यात मुलांचा फायदा काय? दुसरीतलं मूल तिसरीचा हातचा कानानं ऐकतं, पुढच्या वर्षी तो त्याला परका वाटत नाही. चौथीतली मुलगी पहिलीतल्या धाकट्याला ढीग लावायला शिकवते, तेव्हा तिचंही पक्कं होतं. समजावून सांगताना आपल्याला काय येत नाही तेही कळतं. शिवाय पाच-सहा मुलांच्या इयत्तेत कुणाचं अडलंय ते शिक्षकाच्या नजरेला लगेच पडतं. साठांच्या वर्गात मागच्या बाकावरचं मूल वर्षभर लपून राहू शकतं.

आता दुसरी बाजू. शिक्षकांपुढे माहिती भरण्याचं काम खूप असतं, बैठका असतात. एक शिक्षक गेला की दुसऱ्यावर चारही इयत्ता पडतात. हाताला काम नसेल तर फळ्यावरचं नुसतं उतरवून काढणं, एवढंच मुलांच्या वाट्याला येतं. मोठ्या मुलीला रोजच धाकट्यांना सांभाळायला बसवलं, तर तिचं स्वतःचं शिकणं राहून जातं. म्हणून लहान शाळा आपोआप चांगली असते असं आम्ही म्हणणार नाही. ती चांगली चालू शकते आणि चांगली चाललीय का, हे आपल्याला बघता येतं.

आईनं कसं ओळखायचं

बऱ्याच जणी म्हणतात, आम्हालाच वाचता येत नाही, आम्ही काय तपासणार? मैत्रिणींनो, यासाठी फार वाचता यावं लागत नाही. कान आणि व्यवहार पुरतो.

पहिली गोष्ट वाचनाची. मुलाला त्याच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगू नका. तो पाठ असू शकतो. किराण्याच्या पुडीचा कागद, एसटीच्या फलकावरची नावं, शाळेच्या पेटीतलं न वाचलेलं गोष्टीचं पुस्तक, असं काहीतरी नवीन द्या. अक्षर-अक्षर तोडत वाचतो की बोलल्यासारखं वाचतो, हे कानाला कळतं. मग पुस्तक मिटा आणि विचारा, काय झालं सांग बघू. वाचलेलं सांगता आलं, तरच ते वाचन. तिसरी संपताना मुलानं एका मिनिटात निदान 60 शब्द समजून वाचावेत, असं 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात ठरवलेलं आहे. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि घरातल्या मोठ्या मुलाला शब्द मोजायला बसवा. दर महिन्याला करून बघा, फरक दिसेल.

दुसरी गोष्ट हिशोबाची. पन्नासची नोट दिली, 32 रुपयांची साखर घेतली, परत किती? उत्तर आल्यावर थांबू नका. ‘कसं काढलंस?’ हे विचारा. कुणी 32 वर आठ मिळवून चाळीस करेल, मग वर दहा घेईल, आणि 18 सांगेल. कुणी बोटं मोजेल. रीत कोणतीही चालेल, पण ती मुलाला सांगता यायला हवी. पहिली संपताना 99 पर्यंत, दुसरी संपताना 999 पर्यंत आणि तिसरी संपताना 9999 पर्यंतच्या संख्या मुलाला वाचता-लिहिता याव्यात. गटाच्या पासबुकावरचा आकडा वाचून घ्या, त्यात तुमचंही काम होईल.

तिसरी गोष्ट लिहिण्याची. बाजाराची यादी मुलाला लिहायला लावा. चुका होऊ द्या. दुकानदाराला ती यादी वाचता आली, म्हणजे पोराला लिहिता येतं.

आणि एक सांगणं. मूल ‘व्हतं’, ‘नाय’, ‘गेल्तो’ असं बोलतं म्हणून त्याला गप्प करू नका, शाळेतही करू देऊ नका. घरच्या बोलीत ज्याला चार वाक्यं सुचतात, त्यालाच पुढं पुस्तकातली भाषा जमते. जे मूल बोलायलाच घाबरतं, ते विचारायलाही घाबरतं.

दुपारचं ताट

शाळेतलं शिकणं पोटाशी बांधलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल, असं प्रमाण पोषण आहारात ठरलेलं आहे. त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा हिशोब आहे. म्हणजे वीस मुलांच्या पातेल्यात दोन किलो तांदूळ, चारशे ग्रॅम डाळ आणि एक किलो भाजी. हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको. वरणात डाळ दिसत नसेल, तर आपल्या नजरेला ते आधी कळतं.

मुलांना वाढण्याआधी शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या मोठ्या माणसांनी चव घ्यायची, असा नियम आहे. गटातल्या पालक बायांनी आळीपाळीनं जावं. स्वयंपाक करणारी ताई आपल्यातलीच असते, तुटपुंज्या मानधनावर राबत असते. तिच्या चुका काढायला जाऊ नका. तिला मीठ-मसाला वेळेवर मिळतो का, धान्याची पोती कोरडी राहतात का, हे तिच्याकडूनच समजून घ्या. तिची अडचण समितीत मांडायला कुणीतरी लागतं.

समितीतली आपली जागा

ही समिती म्हणजे काय? कायद्यानं प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्ष पालकांतूनच निवडायचा. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, आलेला पैसा कुठं खर्च झाला ते बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं, हे समितीचं काम.

कागदावर निम्म्या महिला असतातच. पण रजिस्टर घरी येतं, नवरा म्हणतो सही कर, आणि आपण करतो. असं होत असेल तर ती खुर्ची रिकामीच आहे. बैठकीला स्वतः जा. गटात आपण व्याजाचा पै-पै हिशोब मागतो, तसाच तिथं मागा. चार साधे प्रश्न पुरेत. या महिन्यात किती दिवस दोन्ही शिक्षक शाळेत होते? एक शिक्षक नसेल त्या दिवशी मुलांना काय काम देतात? वाचनात मागं राहिलेली मुलं कोण, आणि त्यांच्यासाठी काय चाललंय? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? शिक्षकांशी भांडायला जाऊ नये. बैठकांमुळे शाळा उघडी पडत असेल, तर ते वर लिहून कळवायला गुरुजींना पालकांच्या ठरावाचा आधारच होतो.

पट आणि पोरगी

आता त्या तिसऱ्या गोष्टीकडे येऊ. मुलगा व्हॅनमध्ये, मुलगी वाडीच्या शाळेत. मुलग्याच्या फीसाठी गटातून कर्ज काढलं जातं, मुलीसाठी पायवाट आहेच. कुणी कुठं शिकवावं हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण व्हॅन आणि बूट-टाय बघून न ठरवता, वर सांगितलेल्या तीन गोष्टी दोन्ही पोरांकडून करून घ्या. घरात कुणी बोलत नाही त्या भाषेत पहिलीपासून धडे पाठ करणारं मूल गोष्ट समजून सांगतं का, तेही बघा. मग ठरवा.

कारण पट घटला की शाळेचं असणंच प्रश्नात येतं. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतची समूह शाळा त्यासाठी नमुना म्हणून दाखवली. अशा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात 14 हजारांहून अधिक होत्या. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, मैदान, सोबतीला मुलं मिळतात, हे खरं. पण ओढा, डांबरी रस्ता आणि ट्रक पार करून सहा वर्षांची पोरगी रोज जाईल का? व्हॅन आली नाही तर मुलग्याला गाडीवर सोडतात, मुलीला म्हणतात, आज राहू दे. असे चार ‘आज’ झाले की तिचं वाचन मागं पडतं. घरापासून एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची शाळा असावी हा नियम केला, तो अशाच मुलांसाठी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरच्या आदिवासी पाड्यांत काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलापर्यंत शाळा पोचवायची, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढं करा. वाडीतल्या सहा वर्षं पूर्ण झालेल्या पोरांची यादी करा, कोण कुठल्या शाळेत जातं ते लिहा, मुलगे आणि मुली वेगळे मोजा. समितीत आपल्यातल्या कोण-कोण आहेत ते बघा आणि पुढच्या बैठकीला त्यांच्यासोबत आणखी दोघी जा. आणि आज रात्री जेवणं झाल्यावर पोराच्या हातात एक न वाचलेला कागद द्या.